सुमीसाठी जुने गाऊन

"अपूर्व, तू निश्चिंत राहा," गिरिधर साल्पेकरांनी फोनवर मुलाला सांगितलं. "नागपुरात कोणती वस्तू कुठं मिळते हे मला विचारावं. दोन दिवस कशाला, अर्ध्या दिवसात तिची खरेदी आटोपून देतो."

जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. कुणी काम सांगितलं की त्यांचा चेहरा खुलायचा. नागपूरच्या बेसा भागात ते राहत त्या अठ्ठेचाळीस फ्लॅटांच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी होते खरे, पण तिथली कामं म्हणजे पाण्याचा टँकर आणि लिफ्टचा दरवाजा. हे काम थेट जपानहून आलं होतं.

अपूर्व ओसाकात नोकरीला होता. त्याच्या साहेबांची बहीण नात्सुमी तिथं कपड्यांचं लहानसं दुकान चालवायची. रस्त्यावर पोरंपोरी घालून हिंडतात तसे, दिसायला गोड आणि जरा तऱ्हेवाईक असे कपडे ती विकायची, आणि ते गोळा करायला दरवर्षी आशियात भटकायची. बँकॉक झालं, तैपेई झालं, सेऊल झालं. यंदा तिला पेंचचे वाघ बघायचे होते, म्हणून परतताना दोन दिवस नागपूर.

"बाबा, साहेबांची बहीण आहे," अपूर्व दोनदा म्हणाला. "माझं काँट्रॅक्ट याच महिन्यात वाढवायचंय. ती खूश होऊन जायला हवी."

नाव ऐकून चारुशीलाबाई म्हणाल्या, "नात आणि सुमी. आपण सुमी म्हणू." पाहुणीला ते नाव फार आवडलं. तिशीची, ठेंगणी, केसांची एक बट निळी. एका पायात हिरवा मोजा होता, दुसऱ्यात पिवळा.

"घाईत घातले असतील," गिरिधरराव बायकोच्या कानात म्हणाले. "सांगू नकोस. ओशाळेल बिचारी."

मे महिना होता. सकाळी आठलाच ऊन असं की गाडीचं स्टिअरिंग फडक्यानं धरावं लागे. तरी गिरिधररावांनी पहिल्या दिवशी तिला खादी भांडार दाखवलं, टसरच्या साड्या दाखवल्या, बर्डीच्या बाजारातली चार दुकानं आणि एक मॉल दाखवला. प्रत्येक ठिकाणी सुमी कमरेत वाकून नमस्कार करी, कपड्यावरून हलकेच हात फिरवी, "ब्यूटिफुल" म्हणे आणि रिकाम्या हातानं बाहेर येई. टसरवाल्यानं तर एकवीस साड्या उलगडल्या. त्या घडी करताना त्यानं गिरिधररावांकडे जे पाहिलं, ते त्यांना रात्रीपर्यंत विसरता आलं नाही.

तिचे डोळे एकदाच चमकले, ते व्हरायटी चौकात. सिग्नलला स्कूटीवर दोन मुली उभ्या होत्या. तोंडाला, डोक्याला, मानेला गुंडाळलेला फुलाफुलांचा स्कार्फ, त्यावर काळा गॉगल, हातात खांद्यापर्यंत मोजे. सुमीनं काच खाली करून फोटो काढला. मुलींनी हात हलवला. गिरिधररावांनी लगेच फूटपाथवरून तिला एक स्कार्फ घेऊन दिला. तो डोक्याला गुंडाळून ती आरशात स्वतःला न्याहाळत राहिली. दिवसभराची खरेदी एवढीच.

"संकोचत असेल तुमच्यापुढे," रात्री चारुशीलाबाई म्हणाल्या.

"संकोच कसला? मी तिला अख्खं नागपूर दाखवून राहिलो."

खरा प्रकार दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. सुमी खोलीतून बाहेर आली आणि दारातच थबकली. समोर चारुशीलाबाई पोह्याची बशी घेऊन उभ्या होत्या. अंगात सहा वर्षं धुतलेला जांभळा गाऊन होता. त्यावर एके काळी छत्र्या घेतलेली बदकं होती. आता छत्र्या तेवढ्या उरल्या होत्या, बदकांचा अंदाज करावा लागे. खिसा फाटल्यावर त्यांनी दुसऱ्या गाऊनचा, गाजरांचं चित्र असलेला खिसा लावला होता. खांद्यावर ओढणी, कारण पाहुणी घरात.

"कवाई," सुमी अगदी हळू म्हणाली.

हा शब्द अपूर्वनं शिकवून ठेवला होता. गोड. कालपासून गिरिधरराव ज्या शब्दाची वाट बघत होते, तो त्यांच्या बायकोच्या गाऊनला मिळाला.

सुमीनं खिशाचा फोटो काढला, शिवणीचा काढला, विटलेल्या बदकांचा काढला. मग फोनमध्ये काहीतरी बोलून तो चारुशीलाबाईंपुढे धरला. फोन हिंदीत म्हणाला, कृपया यह वस्त्र मुझे दीजिए.

चारुशीलाबाई लाजून लाल झाल्या. "अगं, हा काय देण्यासारखा आहे? मी तुला नवा आणते." पण सुमी ऐकेना. शेवटी साडी नेसून त्यांनी गाऊन धुतला. तासाभरात तो खडखडीत वाळला, आणि सुमीनं जीन्सवर चढवला. खाली रंगीबेरंगी मोजे, पायात पांढरे बूट. आरशापुढे तिनं स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. असे आणखी दहा पाहिजेत.

"एवढंच ना?" गिरिधररावांचा जीव भांड्यात पडला. "लकडगंजला भैयाजींकडे गाऊनचा ठोक माल मिळतो. चला."

भैयाजींच्या दुकानात छतापर्यंत गाऊनच गाऊन होते. त्यांनी पन्नासेक काढून समोर टाकले. सुमीनं एक उचलला, नाकाशी नेला, खळ लावलेलं कापड बोटांनी चुरून पाहिलं आणि मान हलवली. "नो लाइफ," ती म्हणाली. मग अंगातल्या जांभळ्या गाऊनवर हात ठेवला. "मेनी इयर्स. ममा. वॉशिंग, वॉशिंग."

"काय म्हणून राहिली गा?" भैयाजींनी विचारलं.

"तिला वापरलेले पाहिजेत. जुने."

भैयाजींनी गाऊनची चळत हळूहळू परत रचली. "साहेब, चाळीस वर्षं झाली मी नवा माल विकून राहिलो. जुना मागणारं गिऱ्हाईक पहिलंच पाहिलं. माह्याकडे कुठून येईन तो? बायांच्या घरी असन."

परतताना गिरिधररावांना हाच सल्ला पटला. सुमीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. तेव्हा असं ठरलं की चारुशीलाबाईंनी तिला महाराजबाग आणि फुटाळा तलाव दाखवावा, आणि तोवर सोसायटीतून दहा गाऊन जमवण्याचं काम गिरिधररावांनी करावं. चारुशीलाबाई म्हणाल्या, "मी आल्यावर बघते की. तुम्ही नका जाऊ कुणाकडे."

"मी सेक्रेटरी आहे," गिरिधरराव म्हणाले. "लोकांकडून गोष्टी गोळा करणं मला नवीन नाही."

दोघी थर्मास, छत्र्या आणि एक मोठी बॅग घेऊन निघून गेल्या. घाईत चारुशीलाबाईंचा फोन जेवणाच्या टेबलावर राहिला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मार्च महिन्यात काही सभासदांच्या आग्रहावरून गिरिधररावांनी फलकावर सूचना लावली होती : महिला सदस्यांनी गाऊन परिधान करून गेटपर्यंत येऊ नये. खाली त्यांची सही होती. त्यांच्यासाठी तो शंभरातला एक कागद. ते तो विसरले होते. बायका विसरल्या नव्हत्या.

दुपारी तीनला त्यांनी ए विंगमधल्या ताराची बेल वाजवली. तारानं दार उघडलं. गिरिधररावांना वाटलं होतं त्यापेक्षा तो शब्द उच्चारायला अवघड गेला.

"ताराताई, ते घरात घालतात ना, ते..."

"काय?"

"गाऊन. तुमचा एखादा जुना गाऊन असेल तर द्या. विटलेला असला तर उत्तम."

तारा पांढरीफटक पडली. त्याच सकाळी ती गाऊनवर गेटपाशी दूध घ्यायला गेली होती आणि गेटवर कॅमेरा होता. ती तशीच आत गेली, गाऊन घेऊन आली आणि खाली मान घालून म्हणाली, "परत नाही होणार."

"परतीची गरजच नाही," गिरिधरराव आनंदानं म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या चिन्मयीनं, जी घरूनच कंपनीचं काम करायची, दोन दिले. "काका, हे घ्या. पण दंड नका लावू," ती म्हणाली. पोरगी विनोदी आहे, असं समजून गिरिधरराव मनापासून हसले. त्या हसण्यानं चिन्मयी आणखी घाबरली.

अर्ध्या तासात तीन गाऊन. गिरिधरराव हुरूपानं बी विंगमध्ये गेले आणि रुख्मिणी हटवारांची बेल वाजवली. रुख्मिणीबाई स्पष्ट बोलणाऱ्या, सोसायटीच्या प्रत्येक सभेत पहिला प्रश्न त्यांचा. त्यांनी साखळी लावून दार चारच बोटं उघडलं. आत कूलर घरघरत होता आणि त्यांच्या अंगात पिवळा गाऊन होता. त्यावर हत्ती होते. कॉलर विरलेली, बाहीला निळ्या दोऱ्याची टीप. नेमका सुमीला पाहिजे तसा.

"का होय, साल्पेकर साहेब?"

गिरिधरराव गाऊनकडे बघतच राहिले. हत्तींत त्यांना अपूर्वचं काँट्रॅक्ट दिसत होतं.

"हाच चालेल," ते म्हणाले.

"काय चालन?"

"हा गाऊन. सुमीला असाच आवडतो."

दार बंद झालं. आतून कडीही लागल्याचा आवाज आला. त्यांना वाटलं, गाऊन बदलायला गेल्या असतील. म्हणून ते पाच मिनिटं दाराबाहेर उभे राहिले, आणि हीच त्यांची सगळ्यांत मोठी चूक झाली, कारण रुख्मिणीबाई दाराच्या भिंगातून त्यांना बघत होत्या आणि दुसऱ्या हातानं फोनवर लिहीत होत्या.

सोसायटीतल्या बायकांचा फोनवर एक ग्रुप होता. पुढच्या तासाभरात त्यावर जे आलं ते असं. आधी ताराचं : सेक्रेटरी गाऊन जप्त करून राहिले. मग चिन्मयीचं : माझे दोन नेले आणि हसले. मग रुख्मिणीबाईंचं : अंगावरचा मागतात, म्हणे सुमीला असाच आवडतो. कुणीतरी विचारलं, ही सुमी कोण? त्यावर एकदम सगळ्या बोलल्या. चौकीदाराकडे चौकशी झाली. तो म्हणाला, साल्पेकर मॅडम दुपारी मोठी बॅग घेऊन निघून गेल्या. सोबत तोंड बांधलेली कुणी बाई होती. पाच वाजेपर्यंत बी विंगमध्ये पक्कं झालं की साल्पेकरांनी सुमी नावाची कुणी ठेवली आहे, तिच्यासाठी ते कपडे जमवताहेत आणि चारुशीलाबाई त्या तोंड बांधलेल्या बहिणीसोबत माहेरी निघून गेल्या आहेत. कुणीतरी चारुशीलाबाईंना फोन लावला. तो टेबलावर वाजत राहिला. गिरिधररावांनी पाहिलं, बायकोचा फोन कशाला उचलायचा म्हणून उचलला नाही.

रुख्मिणीबाईंचे यजमान कृष्णकांत यांचं शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं. ते तिथून पाऊण तासात आले. माणूस आडदांड, पण बोलायला मऊ. त्यांनी गिरिधररावांना फोन केला. "सहा वाजता पार्किंगमध्ये या. सगळे येऊन राहिले." नेहमीचं 'साहेब' त्यात नव्हतं, पण गिरिधररावांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांना वाटलं, बातमी पसरली आणि लोक आपणहून गाऊन घेऊन येताहेत.

तीन गाऊनची पिशवी काखेत मारून ते खाली आले. पंचवीसेक लोक उभे होते. गिरिधररावांना गहिवरून आलं.

"वा, सगळेच आलात," ते म्हणाले. "आणले का?"

कुणी हसलं नाही. कृष्णकांत एक पाऊल पुढं आले. "साल्पेकर, तुम्ही वयानं मोठे आहात म्हणून शांतपणे विचारतो. माझ्या बायकोच्या दारात जाऊन तुम्ही काय मागितलं?"

"गाऊन."

"कोणता?"

"त्यांच्या अंगात होता तो," गिरिधरराव म्हणाले, आणि ते वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकताच त्यांनी लोकांकडे पाहिलं. तारा रडायच्या बेतात होती. चिन्मयीच्या नवऱ्यानं हाताची घडी घातली होती. पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत एक मेमो मिळाला नव्हता, आणि आता आपण पार्किंगमध्ये उभे आहोत, काखेत परक्या बायकांचे तीन गाऊन.

"गैरसमज होऊन राहिला," ते कसंबसं म्हणाले. "सुमी जपानची आहे."

"आता जपानची झाली," गर्दीतून आवाज आला.

तेवढ्यात ए विंगच्या जिन्यातून भांडेवाली इंदूबाई बाहेर आली. दर गुरुवारी ती डोक्यावर टोपली आणि पाठीवर बोचकं घेऊन यायची, आणि जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी द्यायची. सगळे मजले चढून ती खाली आली होती आणि घामानं निथळत होती.

"कुठं हाय तुमचे सेक्रेटरी?" तिनं टोपली दाणकन ठेवली. "साहेब, पंधरा वर्षं झाली मी या भागात फिरून राहिली. आज ज्या घरी जाव तिथं सांगतेत, जुने गाऊन साहेब गोळा करून राहिले. तुमाले पेन्शन हाय. माह्या पोटावर काहून पाय देऊन राहिले?"

गिरिधररावांनी पिशवी तिच्यापुढे धरली. "घ्या बाई. तुम्हीच घ्या."

"असं कसं घेता येईन? पुरावा आहे तो," कृष्णकांत म्हणाले. "पोलिसांना दाखवायला लागला तर?"

पोलीस हा शब्द ऐकून गिरिधरराव पार्किंगच्या खांबाला टेकले. नेमक्या त्याच वेळी गेटवर ऑटो थांबला. आधी चारुशीलाबाई उतरल्या, मग बॅग, मग सुमी. अंगात जांभळा गाऊन, खाली जीन्स, पायात एक हिरवा मोजा आणि एक पिवळा, डोक्याला स्कूटीवरच्या पोरींसारखा घट्ट बांधलेला फुलाफुलांचा स्कार्फ, त्यावर काळा गॉगल. ती सरळ गर्दीपुढं आली, गॉगल काढला आणि सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार केला.

ताराची नजर गाऊनवरून मोज्यांवर गेली आणि मोज्यांवरून परत गाऊनवर आली.

"काय झालं?" चारुशीलाबाईंनी विचारलं. "पाणी गेलं का?"

गिरिधररावांनी पिशवीकडे बोट दाखवलं, मग सुमीकडे, मग आकाशाकडे. चारुशीलाबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला, पिशवीत पाहिलं, आणि बरोबर तेवीस वर्षं शाळेत वर्ग सांभाळलेल्या बाईच्या आवाजात दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं. ओसाकाचे साहेब, त्यांची बहीण, तिचं दुकान, भैयाजींकडची फजिती. "मी यांना म्हटलं होतं, नका जाऊ. पण यांना दम कुठला?"

"म्हणजे जप्ती नाही?" तारानं विचारलं.

"कसली जप्ती?" गिरिधररावांनी विचारलं.

गर्दीत कुणीतरी पहिल्यांदा हसलं. पण सगळ्यांत आधी कामाला लागली ती इंदूबाई. तिनं सुमीच्या अंगातल्या गाऊनचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं, खिशावरची गाजरं पाहिली आणि मान डोलावली. "पोरीले पारख हाय," ती म्हणाली, आणि आपलं बोचकं जमिनीवर सोडलं.

सुमी बोचक्यापुढं मांडीच घालून बसली. इंदूबाई एकेक गाऊन झटकून दाखवायची. सुमी उन्हाकडे धरून शिवण बघायची. एकीला जपानी येत नव्हतं, दुसरीला मराठी. तरी भाव करताना दोघी अर्धा तास बोलत होत्या आणि दोघींनी एकदाही फोन काढला नाही. "हे पाह्य वं सुमी, हा हुक दुसरा हाय, पण कापड पहिल्या धारेचं," इंदूबाई म्हणायची, आणि सुमी गंभीरपणे "हाय, हाय" म्हणायची. जपानीत त्याचा अर्थ 'हो' आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांना वाटलं, पोरगी दोन दिवसांत मराठी शिकली.

ते बघून बायका वर पळाल्या आणि आपापले जुने गाऊन घेऊन आल्या. सुमीनं तारा आणि चिन्मयीचे तिन्ही ठेवून घेतले. दहाचे सोळा झाले. इंदूबाई खूश होऊन शेवटी सुमीला एक स्टीलची वाटी वर देऊन गेली.

कृष्णकांत गिरिधररावांजवळ आले. "साहेब, सरळ सांगायचं ना मग."

'साहेब' परत आलेलं ऐकून गिरिधररावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी कृष्णकांतांचा हात बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमीला विमानतळावर सोडून ते घरी आले. अपूर्वचा फोन येऊन गेला होता. बहिणीचे फोटो बघून साहेब पोट धरून हसले होते आणि कागदावर सही झाली होती. गिरिधरराव पंख्याखाली बसले, दोन पेले ताक प्यायले आणि डोळे मिटले. तेवढ्यात बेल वाजली.

दारात रुख्मिणी हटवार होत्या. चेहरा कडक. काल सगळ्या बायका वर पळाल्या तेव्हा त्या गर्दीतून निघून गेल्या होत्या, हे गिरिधररावांना आत्ता आठवलं.

"वहिनी, मी तुमची मनापासून माफी मागतो," ते उभे राहत म्हणाले.

"माफी ठेवा तुमच्याजवळ," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "ताराचा घेतला. चिन्मयीचे दोन घेतले. मले कोणी विचारलंसुद्धा नाही." त्यांनी पिशवीतून पिवळा गाऊन काढला. धुतलेला, इस्त्री केलेला, हत्ती वर येतील अशी घडी घातलेला. "पसंत तर माहाच केला होता ना तुमी?"

गिरिधररावांनी तो दोन्ही हातांनी घेतला. विमान गेलं, हे सांगायचा धीर त्यांना झाला नाही. "आजच्या आज पाठवतो," ते म्हणाले. रुख्मिणीबाई पहिल्यांदा हसल्या आणि जिना उतरून गेल्या.

तासाभरात ते कुरिअरच्या रांगेत उभे होते. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "आत काय आहे?"

कालचा धडा ताजा होता. गिरिधररावांनी काहीच मोघम ठेवलं नाही. हा शेजारच्या हटवार वहिनींचा गाऊन आहे, त्यांनी स्वखुशीनं दिला आहे, त्यांच्या यजमानांना माहीत आहे, माझ्या पत्नीला माहीत आहे, ज्या बाईला जातो आहे तिचं ओसाकात दुकान आहे आणि तिचा भाऊ माझ्या मुलाचा साहेब आहे, हे सगळं त्यांनी एका दमात, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

माणसानं पेन कागदावर टेकवलं होतं, ते तसंच होतं.

"म्हणजे जुने कपडे," तो म्हणाला. "इथं सही करा."